उंची विचारणारी माणसं

बार्शीच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा अण्णांनी माझी पत्र्याची ट्रंक स्वतः टपावर चढवली, हमालाला हात लावू दिला नाही. मी तेरा वर्षांची होते आणि अण्णांपेक्षा दोन बोटं उंच. ते मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते, अख्खी पेठ त्यांना ओळखायची. त्यामुळे गाडी सुटेपर्यंत येणारा-जाणारा थांबून विचारत होता, "दिवाणजी, पोरगी कुठं निघाली?" आणि अण्णा प्रत्येकाला तितक्याच खुशीत सांगत होते, "पुण्याला. सरकारनं निवडलीय."

निवड करणारे सर आमच्या शाळेत आले होते. त्यांनी मला उभं करून मोजलं, बसवून मोजलं, हात पसरायला लावून या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप धरली, पंजा मोजला. बास्केटबॉल मी तोवर शाळेमागच्या मैदानात, जाळी नसलेल्या रिंगवर खेळले होते, तो त्यांनी जेमतेम बघितला. मग घरी येऊन आई-अण्णांची उंची विचारली, मामांची विचारली, आणि त्यातले मोठे सर अण्णांना म्हणाले, "पोरगी अजून वाढणार. हिचं आता आम्ही बघतो." आई दारात उभी राहून ऐकत होती. स्टँडवर ती एवढंच म्हणाली, "लाजत बसू नको. आपण विचारल्याशिवाय कुणी काही सांगत नसतं."

हे मी बार्शीतल्या माणसांसाठी लिहितेय आणि माझ्यासारखं घर सोडून लांब आलेल्यांसाठीही. बार्शीत अजून विचारतात, वैशालीचं पुण्यात नेमकं काय झालं. इथे मेलबर्नमध्ये विचारतात, तुमच्या लेकीला, इराला, एवढ्या लहानपणी अमेरिकेतल्या कॉलेजने मागितलं होतं, तर तेव्हा नाही का म्हणालात. दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच दमात द्यावं लागतं.

पुण्यातली वर्षं वाईट नव्हती, हे आधी सांगते. खेळणाऱ्या मुलींचं सरकारी वसतिगृह होतं. रोज सकाळी अंडी, पायात खरे बास्केटबॉलचे बूट, आणि पाऊस आला तरी खेळता येईल असं छपराखालचं कोर्ट. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उंचीवरून कुणी हसलं नाही. पण दोन वर्षांत ती उंची थांबली. पाच फूट पाच. बार्शीत ताड, पुण्याच्या त्या कोर्टावर बुटकी. मी ड्रिबल सुधारला, लांबून बास्केट करायला शिकले, सगळ्यांत आधी मैदानावर जायचे. सोळाव्या वर्षी सरांनी ऑफिसात बोलावून सांगितलं, "तुझी चूक काही नाही बाळ. पण जागा मोजक्या आहेत आणि नव्या मुली उंच आल्यात." ते रागाने बोलले नाहीत. बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

अण्णा न्यायला आले. परतीच्या गाडीत त्यांनी मला खिडकी दिली आणि टेंभुर्णीला भजी घेतली. पेठेत पोचलो तर तेच लोक, तेच प्रश्न. अण्णा म्हणाले, "मीच घेऊन आलो. घरात करमत नव्हतं तिच्याबिगर." अख्ख्या बार्शीला त्यांनी तेच सांगितलं आणि मला पुढे कधीही, एका शब्दानेही, त्या विषयावर काही विचारलं नाही. बार्शीकरांनो, खरं हे आहे. अण्णांनी मला आपणहून आणलं नव्हतं, पुण्याच्या सरांनीच मला परत पाठवलं होतं.

मी बी.कॉम. झाले, सोलापुरात नोकरी केली, आणि चोविसाव्या वर्षी अकाउंटिंग शिकायला मेलबर्नला आले. या वेळी मला कुणी निवडलं नव्हतं. अर्ज मी केला, व्हिसा मी काढला, आणि त्याचा एक वेगळाच ताठपणा माझ्या मानेत होता. दिवसा युनी, उरलेल्या वेळात एका नर्सिंग होमच्या किचनमध्ये शिफ्ट. तिथली म्हातारी माणसं मला 'लव्ह' म्हणायची, आणि बार्शीच्या मुलीला ते पचायला जरा वेळ लागला. प्रशांत तिथेच भेटला, म्हणजे त्या नर्सिंग होमसमोरच्या ट्राम स्टॉपवर. डोंबिवलीचा, सहा फूट दोन इंच, आयटी शिकायला आलेला. आज तो ट्राम चालवतो आणि त्याला दुसरं काहीही करायचं नाही. मी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, पगारांचा हिशेब बघते. मेलबर्नच्या कडेला क्रेगीबर्नला घर घेतलं तेव्हा आमच्या रस्त्यावर झाडं नव्हती, नुसता वारा होता. आता दिवाळीला अर्ध्या रस्त्यावर आकाशकंदील असतात आणि उरलेला अर्धा रस्ता फराळ मागायला येतो.

बास्केटबॉलच्या जवळ मी वीस वर्षं फिरकले नव्हते. इरा आठ वर्षांची असताना तिच्या शाळेतून चिठ्ठी आली, शनिवारच्या लीगला मुली कमी पडताहेत. मी तिला सोडायला म्हणून स्टेडियममध्ये शिरले. पत्र्याचं भलंमोठं छप्पर, शेजारी शेजारी सहा कोर्टं, लाकडी फरशीवर बुटांची ती चिरचिर, कॅन्टीनमधून भाजलेल्या सँडविचचा वास. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पुढच्या शनिवारी मी स्कोअर टेबलावर बसले होते आणि महिन्याभरात लहान मुलींना पास कसा द्यायचा ते शिकवत होते. कुणी मला थांबवलं नाही. या देशाचं मला जे सगळ्यात आवडतं ते हेच: हात वर केलात की लोक 'नो वरीज' म्हणतात आणि काम तुमच्या हातात देतात.

इरा बापावर गेली. बाराव्या वर्षी ती क्लबच्या रेप्रेझेंटेटिव्ह टीममध्ये होती, म्हणजे निवडलेल्या मुलींच्या टीममध्ये, जी दुसऱ्या क्लबांशी खेळायला शहरभर फिरते. तिच्याबरोबर मॅडी होती. केसांची लाल वेणी, कोपरं कायम खरचटलेली, बोलण्यात एकदम फटकळ. एक सेंटरच्या जागी, एक फॉरवर्डच्या, आणि दोघी एकमेकींना न बघता चेंडू द्यायच्या. प्रॅक्टिसनंतर मॅडी आमच्याकडे यायची आणि पोहे चमच्याऐवजी हाताने खायची, कारण इरा तसं खायची.

इरा इयर एटमध्ये, तेरा वर्षांची असताना, क्लबचा कोच डीन पार्किंगमध्ये आमच्या गाडीपाशी आला. अमेरिकेतल्या एका कॉलेजची कोच ज्युनियर टूर्नामेंट बघायला आली होती, तिला इरा आवडली होती. मला वाटलं, कौतुक सांगतोय. डीन म्हणाला, "नाही मेट, कौतुक नाही. त्यांना ती हवी आहे. शाळा संपली की चार वर्षांची स्कॉलरशिप."

"ती तेरा वर्षांची आहे," मी म्हणाले.

"हल्ली असंच चालतं," डीन म्हणाला. त्याने सगळं समजावलं. इतक्या लहान मुलीला कॉलेजने आपणहून फोन करायचा नाही, असा तिकडचा नियम. पण मुलीकडच्यांनी केला तर ते उचलू शकतात. म्हणून कोच मुलीच्या क्लबला नंबर देतात. मग मुलीने हो म्हणायचं, त्यांनी हो म्हणायचं, सगळं तोंडी. सही शाळेच्या शेवटच्या वर्षी. तोवर फक्त शब्द.

प्रशांत त्या दिवशी आर्व्हो, म्हणजे दुपारच्या, शिफ्टला होता. घरी येऊन ऐकलं आणि युनिफॉर्म न काढता त्याने डोंबिवलीला आईला फोन लावला. मी त्याला इतका खूश फार कमी वेळा पाहिलाय. आमच्यासारख्या घरात चार वर्षांचं अमेरिकन कॉलेज फुकट म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं डायनिंग टेबलाशी लॅपटॉपसमोर बसलो. कोच पन्नाशीच्या बाई होत्या, मोकळ्या हसणाऱ्या. इराचा खेळ त्यांनी खरोखर बघितला होता. ती डाव्या बाजूने कशी वळते, चेंडू गेल्यावर मान खाली न घालता कशी पळत मागे येते, सगळं सांगितलं. इराचे कान लाल झाले. मग त्यांनी विचारलं, "मॉम आणि डॅड किती उंच आहात?"

प्रशांत कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. त्याचं डोकं चौकटीबाहेर गेलं, कोच हसल्या, तोही हसला. मी उभी राहिले नाही. मला बार्शीचं ते दार आठवलं आणि आई तिथे उभी दिसली. पण मी आता तेरा वर्षांची नव्हते आणि अण्णांसारखी कुणाच्या 'आम्ही बघतो'वर विसंबणारीही नव्हते.

"माझी उंची पाच फूट पाच आहे," मी म्हणाले. "इरा माझ्यावर गेली आणि इथेच थांबली तर?"

"आम्हाला ती आहे तशीच आवडते."

"तिचा गुडघा गेला तर?"

"तेव्हा आपण बोलू."

"तुम्हीच ते कॉलेज सोडून गेलात तर?"

प्रशांतने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. कोच रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मी माझा शब्द देऊ शकते. माझ्या जागी जी येईल तिचा नाही देऊ शकत."

त्या बाईंबद्दल माझ्या मनात आजही वाकडं काही नाही. त्या खरं बोलल्या.

कॉल संपल्यावर इरा सायकल घेऊन बाहेर गेली आणि आम्ही दोघं भांडलो. प्रशांत सहसा आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही, पण म्हणाला, "वैशाली, तुझ्या बाबतीत जे झालं ते झालं. त्यासाठी हिची वाट का अडवतेस?"

मी कणीक मळायला घेतली. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. इराच्या जागी मी स्वतःला बसवत होते, हे मला कळत होतं. पण मला हेही कळत होतं की तेराव्या वर्षी मला कुणी विचारलंच नव्हतं. मी प्रशांतला म्हणाले, "मी अडवत नाही. तिला विचारू. ती हो म्हणाली तर मी एक शब्द बोलणार नाही."

इरा परत आली, तिला समोर बसवलं. माझी गोष्ट तिला माहीत नव्हती आणि मुद्दाम सांगितली नाही. तिच्या ताटात माझं दुःख वाढायचं नव्हतं. प्रशांतने फायदे सांगितले, मी प्रश्न सांगितले. तिने दोन्ही ऐकलं, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, बाबा, मी अजून इयर नाइनचे इलेक्टिव्हजसुद्धा पिक केले नाहीत. हाऊ डू आय नो व्हॉट आय वॉन्ट अॅट एटीन? त्यांना सांगा ना, आस्क मी लेटर."

मग प्रशांतनेच डीनला फोन करून नाही कळवलं. ते त्याला किती जड गेलं हे मला माहीत आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

त्या कॉलेजने मग मॅडीला विचारलं. मॅडी हो म्हणाली. क्लबमध्ये केक कापला, तिच्या आईने सगळ्यांना मिठ्या मारल्या. त्यानंतरची दोन-अडीच वर्षं आमच्या घरात सोपी नव्हती. मॅडी त्या कॉलेजचं नाव लिहिलेली हूडी घालून प्रॅक्टिसला यायची. डीन टीम तिच्याभोवती बांधायचा. इरा काही सामने बेंचवर बसून काढायची. क्लबमधले देशी पालक तोंडावर सांगायचे, "भाभीजी, ऐसा चान्स कोई छोड़ता है क्या?" मी हसून टाळायचे. चुकले असेन का, असं तेव्हा वाटायचं का? वाटायचं. सगळ्यात जास्त वाटायचं ते प्रशांत एकदाही 'मी सांगत होतो' म्हणाला नाही म्हणून.

मॅडी सोळा वर्षांची असताना त्या कोच बाईंना दुसऱ्या मोठ्या कॉलेजात नोकरी मिळाली आणि त्या गेल्या. जाताना त्यांनी मॅडीला स्वतः फोन केला म्हणे, रडल्यासुद्धा. नव्या कोचने ईमेलमध्ये कळवलं की त्यांना स्वतःच्या पसंतीच्या मुली घ्यायच्या आहेत. मॅडीने प्रॅक्टिसला येणं बंद केलं. इराचे मेसेज ती वाचायची पण उत्तर द्यायची नाही. एका संध्याकाळी इरा म्हणाली, "आई, तू जा ना. तू बोल तिच्याशी. मला नाही जमत."

मी इरालाही बरोबर घेऊन गेले. दार मॅडीच्या आईने उघडलं आणि मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. मॅडी मागच्या पायरीवर बसली होती. इरा तिच्या शेजारी बसली, मी खाली गवतावर. समजूत काढायला मला इंग्रजीत कधी जमलं नाही, म्हणून मी सरळ गोष्ट सांगितली. टेप, पंजा, पाच फूट पाच, ऑफिसातले सर, आणि अण्णांनी पेठेत सांगितलेलं ते वाक्य. माझ्या लेकीने हे पहिल्यांदाच ऐकलं. ती माझ्याकडे अशी बघत होती जशी मी कुणी दुसरीच बाई आहे.

मॅडीने एकच विचारलं, "मग तू परत खेळलीस?"

"नाही. आमच्या गावात तेव्हा मुलींची टीम नव्हती."

"मग काय केलंस?"

"अभ्यास केला, नोकरी केली, तुझ्या शेजारी बसलीये तिला वाढवलं. वाईट नाही झालं. पण खेळायला मिळालं असतं तर मी खेळले असते. तुला टीम आहे. मंगळवारी प्रॅक्टिस आहे, मी तुला घ्यायला येते."

"मी येईन असं नाही म्हणाले."

"मी गाडी बाहेर लावीन. तू ये किंवा नको येऊस."

पहिल्या मंगळवारी ती आली नाही. दुसऱ्या मंगळवारी आली, हूडीशिवाय. घरी परतताना इरा मागच्या सीटवरून म्हणाली, "आजोबा वॉज सो कूल." अण्णा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मला गाडी जरा कडेला घ्यावी लागली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सुखाचं आहे. मॅडी आज इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप करते, स्वतःची यूट, म्हणजे मागे सामान टाकायची छोटी गाडी, घेतलीय, आणि आमच्या क्लबच्या मोठ्या बायकांच्या टीमची कॅप्टन आहे. आमच्या हॉलमधला पंखा तिनेच बसवला. इराला इयर इलेव्हनमध्ये पुन्हा विचारणा झाली, तीन वेगवेगळ्या कॉलेजांकडून. ते कॉल तिने स्वतः घेतले. मी किचनमध्ये होते, दार उघडं होतं. तिने विचारलं, तुमच्याकडे फिजिओथेरपी शिकता येते का, किती मुली मधेच सोडून गेल्या, आणि त्यांच्यातल्या एकीशी मी बोलू शकते का. तिसरा प्रश्न ऐकून मी गॅस बंद केला आणि नुसती उभी राहिले. हा प्रश्न मलाही सुचला नव्हता.

तिने निवडलेलं कॉलेज मोठं नाही, त्याचं नाव इथे कुणी ऐकलेलं नाही. थंडी मात्र मेलबर्नला लाजवेल अशी. पहिल्या वर्षी ती बरीचशी बेंचवर आहे आणि तसं ती फोनवर न लपवता सांगते. अठराव्या वर्षी ती आपल्या पायाने गेली, एवढ्यावर मी शांत झोपते.

गेल्या आठवड्यात त्यांची टीम बाहेरगावी सामना खेळून आली. बसमधून उतरून तिने फोन केला, स्पीकरवर आम्ही दोघं. "आई, घरी पोचले," ती म्हणाली. घरी म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहातली खोली, टेक्ससच्या एका मुलीबरोबरची. प्रशांतचा चेहरा उतरला. त्याला ते टोचलं, मला दिसलं.

मला मात्र बार्शीचं स्वयंपाकघर आठवलं. मेलबर्नला येऊन तीन वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा माहेरी गेले होते. निघायच्या दिवशी बॅग भरता भरता माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "घरी पोचले की फोन करते." घरात उभी राहून मी दुसरीकडच्या जागेला घर म्हणाले होते. आई शेंगदाण्याची चटणी पिशवीत बांधत होती. तिचा हात थांबला. ती रागावेल, नाहीतर रडेल, असं मला वाटलं. तिने पिशवीची गाठ पक्की केली आणि म्हणाली, "घराला कुलूप नीट लावून आलीस ना?" त्या एका प्रश्नाने तिने माझं मेलबर्नचं भाड्याचं घर आपल्या माहितीतलं करून टाकलं. तेव्हापासून मला दोन घरं आहेत आणि त्यातलं कुठलं खरं, हा प्रश्न मला पडत नाही.

फोनवर इराच्याही लक्षात आलं असावं ती काय बोलून गेली. "म्हणजे, आय मीन, डॉर्मला," ती म्हणाली.

"घरी पोचलीस ना," मी म्हणाले. "हीटर नीट चालतो का तिथला?"

"चालतो," ती म्हणाली. मग प्रशांतने फोन हातात घेतला आणि तिच्या घराची खिडकी कुठल्या दिशेला आहे, ते विचारायला लागला.